परसदारी काढलेली पत्र्याची खोली: एसी असूनही गार होत नाही, आणि पावसाळ्यात छतातून पाणी ठिबकतं

परसदार (गुहागर)

नमस्कार मंडळी. घर आमचं जुनं, चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून पायऱ्यांची चढउतार जमत नाही, म्हणून गेल्या वर्षी मागच्या पडवीला लागून दहा बाय बाराची एक खोली काढली, जोडून न्हाणीघर. भिंती चिऱ्याच्याच, नऊ इंची, आतून सिमेंटचा गिलावा, बाहेरून नुसते दर्जे (दगडांमधले सांधे) भरलेले. वर कौलं घालायची फार इच्छा होती, पण वासे-रिपांचं लाकूड आणि ते काम करणारा सुतार दोन्ही वेळेत मिळेनात. शेवटी लोखंडी चौकोनी पाइपांवर निळा रंगीत पत्रा घातला, खाली जिप्समचं फॉल्स सीलिंग. पश्चिमेला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. एसी एक टनाचा.

अडचणी सांगते. मार्च लागल्यापासून दुपारी बारा ते सहा एसी एकसारखा चालतो, रिमोटवर २२ लावलेलं असतं, पण भिंतीवरचं तापमापक २९ च्या खाली येत नाही. छताखाली हात वर धरला तरी धग जाणवते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी खोली कोरडी आणि गार ठेवायला सांगितली आहे, त्यामुळे एसी बंद करून भागत नाही.

दुसरं म्हणजे गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये फॉल्स सीलिंगवर तपकिरी डाग पडले आणि दोन ठिकाणी थेंब पडायला लागले. पत्रा गळतोय म्हणून माणूस चढवला. त्याने सगळे स्क्रू तपासले, वॉशर बदलले, तरी थेंब तसेच. पाऊस उघडलेला असला तरीही पडायचे. कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली. आणि जानेवारीत पहाटे पत्र्याच्या आतून पाणी टपकल्याचा आवाज यायचा, तेव्हा तर पावसाचं नावही नव्हतं.

ठेकेदार म्हणतो फॉल्स सीलिंगवर थर्माकोलची पानं टाकून देतो. पुण्याचे दीर म्हणतात ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस. मुलाने परदेशातले व्हिडिओ बघितलेत, त्यात खोलीच्या आतल्या बाजूने सगळीकडे प्लास्टिक ताणून बसवतात, मग वर बोर्ड. तो म्हणतो आपणही तसंच करू. यातलं काय करावं? जे काही करायचं ते आगोटीच्या कामांबरोबर, म्हणजे मेअखेर उरकायला हवं.

नाखवा_मालवण

ताई, पत्र्यार पयलो चुनो मार, मगे बाकीचा काय ता बघ. निळो पत्रो लय तापता.

खरंच सांगतो, आमच्या होडीच्या शेडवर चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात दिले होते. आधी दुपारी पत्र्याच्या खाली उभं राहवत नव्हतं, आता जाळी विणत बसता येतं. बाजारात उष्णता परतवणारा पांढरा रंगही मिळतो, तो चुन्यापेक्षा टिकतो. मात्र खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने त्यावर शेवाळ चढतं आणि तो काळा पडतो. दर वर्षी दिवाळीनंतर घासून धुवायचा आणि फेब्रुवारीत पुन्हा एक हात द्यायचा, तरच त्याचा उपयोग.

बर्फखाना (रत्नागिरी)

ताई, माझं सगळं आयुष्य मासळीच्या शीतगृहांत आणि बर्फाच्या कारखान्यांत गेलं. गार खोली आणि बाहेर समुद्राची दमट हवा, हीच जोडी सांभाळण्याचं काम. तुमची खोली म्हणजे तोच प्रश्न, फक्त उणे वीसऐवजी सव्वीस अंशांचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो, आणि आधी मुलाला थांबवा. ते आतल्या बाजूचं प्लास्टिक अजिबात लावू नका.

कारण सांगतो. थंड मुलखात घर आतून गरम आणि बाहेर बर्फ. तिथे वाफ घरातून बाहेर जायला बघते, म्हणून ती आतल्या बाजूलाच अडवतात. तिथल्या हवेसाठी ते अगदी बरोबर आहे. आपल्याकडे एसीची खोली आतून गार आणि कोरडी, बाहेर गरम आणि ओलं. वाफ बाहेरून आत घुसते. आतल्या बाजूला प्लास्टिक लावलंत तर वाफ भिंतीतून, छतातून आत येऊन त्या गार प्लास्टिकच्या पाठीला भिडेल आणि तिथेच पाणी होईल. दिसणारही नाही, बोर्ड सडल्यावरच कळेल. शीतगृहात आम्ही डांबराचा किंवा प्लास्टिकचा थर नेहमी गरम बाजूला देतो, आणि तो कुठे फाटला, तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. एका जुन्या बर्फखान्याची भिंत फोडली तेव्हा आतलं थर्माकोलचं पान एका हाताने उचलवेना. नवं असताना दोन बोटांनी उचलायचं ते पान. सुरीने कापलं तर कापातून पाणी निथळत राहिलं. वर्षानुवर्षं एका फटीतून गेलेली ती हवेतली ओल होती, पाऊस तिथे पोचतच नव्हता.

आता तुमचे थेंब. जुलैत आपल्याकडे बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के ही रोजची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू साधारण २६ असतो, म्हणजे २६ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूला ती हवा लागली की पाणी सुटणार, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं. तुमचा एसी २२ वर. जिप्समचा बोर्ड खालून गार होतो, आणि वर पत्र्याच्या नागमोडी पन्हळींतून, वळचणीतून बाहेरची हवा मोकळी खेळते. पाणी बोर्डाच्या वरच्या अंगाला धरतं, मुरतं, डाग पडतो, थेंब पडतो. म्हणून पाऊस उघडला तरी ठिबकत होतं, आणि म्हणून वॉशर बदलून फरक पडला नाही. जानेवारीचं पाणी वेगळं. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो आणि पहाटे त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं. त्याचा एसीशी संबंध नाही. पण दोन्हींची सोय एकाच कामात होते, ती पुढे सांगतो.

आधी उन्हाचा हिशोब. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. भिंतींना तेव्हा ऊन जेमतेम लागतं, सगळा मार छतावर. गडद पत्रा साठ अंशांपर्यंत सहज तापतो. खोलीत २६ ठेवायचे तर ३४ अंशांचा फरक. पत्र्याखाली उष्णता अडवणारं काहीच नसेल तर दर चौरस मीटरला दोनशे वॅटच्या आसपास उष्णता खाली येते. तुमच्या छताला धरून सव्वादोन किलोवॅट. एक टनाचा एसी जोर लावून साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे त्याची बहुतेक ताकद नुसत्या छतात जाते. फॉल्स सीलिंगमुळे यातलं काही कमी होतं, पण ते सीलिंगच तापून खाली धग टाकतं, तीच तुमच्या हाताला जाणवते. आता मधे ५० मिलिमीटर थर्माकोल सलग घातला की हाच आकडा पाव किलोवॅटवर येतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली, तिच्यात छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा, १.२ च्या आत ठेवायला सांगितला आहे. नुसत्या पत्र्याचा पाच-सहा असतो. ५० मिलिमीटर थर्माकोलने तो ०.६ च्या घरात जातो. १०० मिलिमीटर घातलंत तर ०.३, पण त्या दुसऱ्या ५० मधून मिळणारा फायदा पहिल्याच्या मानाने फार थोडा. तो पैसा मी फटी बुजवण्यात घालेन.

फटींबद्दल मात्र माझा आग्रह आहे, कारण तिकडे कोणी बघत नाही. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत पंचवीस ग्रॅमच्या वर वाफ असते. खोलीत २५ अंश आणि ५५ टक्के ठेवायचे तर तेरा ग्रॅमच्या आत. मधली सगळी वाफ एसीला पाणी करून नळीतून बाहेर टाकावी लागते. हवा सात अंशांनी गार करायला जेवढं काम, त्याच्या चौपट काम हे पाणी काढायला लागतं. नागपूरकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दाराखालच्या फटीतून आलेली हवा नुसती गरम असते. आपल्याकडे ती पाणी घेऊन येते. तुमच्या एसीची नळी दिवसाला किती बादल्या भरते ते बघा, त्यातलं पुष्कळसं पाणी फटींतून आलेलं असणार.

म्हणून ठेकेदाराची युक्तीही नको. फॉल्स सीलिंगवर पानं नुसती टाकली तर दोन पानांच्या मधून हवा जाणारच, आणि पाणी आता जिथे धरतं तिथेच धरेल. ग्लासवूल वाईट नाही, पण ते हवा अडवत नाही, आणि एकदा ओल धरली की बसकण मारतं.

मी असं करेन. पत्रा आहे तसा राहू दे, त्याचं काम पाऊस अडवणं. फॉल्स सीलिंग उतरवा, नाहीतरी डागाळलेलं आहे. लोखंडी पाइपांच्या खालून थर्माकोलची २५ मिलिमीटरची पानं दोन थरांत बसवा, एका थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर येऊ न देता. पाइपांच्या मधल्या जागेत कापून बसवू नका. लोखंडातून उष्णता थर्माकोलच्या हजारपट वाहते, प्रत्येक पाइप एक वाट होऊन बसेल. वरच्या थराच्या वरच्या अंगाला ॲल्युमिनियम फॉइल, म्हणजे ते पत्र्याकडे तोंड करून. सगळे सांधे फॉइलच्या चिकटपट्टीने बंद. ही फॉइल वाफेला गरम बाजूला अडवते, आणि पत्र्याखालच्या पोकळीत तोंड असल्यामुळे पत्र्याची धगही परतवते. काही वर्षांनी तिच्यावर धूळ बसेल आणि चकाकीचा फायदा कमी होईल, वाफ अडवायचं काम चालूच राहील. पत्रा आणि फॉइल यांच्यात बोट-दोन बोटं तरी पोकळी हवी. तिला खालच्या वळचणीला आणि वरच्या टोकाला जाळी लावून मोकळी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. जानेवारीचं दव याच पोकळीत धरेल आणि फॉइलवरून उताराने वळचणीबाहेर जाईल. त्यासाठी थर्माकोल उतारातच बसवायचं, सपाट नाही. आणि खाली जिप्सम हवंच. थर्माकोल उघडं ठेवायचं नसतं. पेटलं तर काळा धूर करतं, आणि आजोबा तिथून उठून पळू शकत नाहीत. विजेच्या वायरी थर्माकोलमधून नेऊ नका, जिप्समच्या वर पाइपातून न्या.

त्यानंतर जिथे हे छत चारही भिंतींना भिडतं तिथली फट पीयू (पॉलियुरेथेन) फोमने, म्हणजे मारल्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फेसाने, भरून काढा. हा सांधा सगळ्यात महत्त्वाचा. चिऱ्याची वरची ओळ कधी सरळ नसते.

उद्या एक करून बघा. वारा पडलेला असताना खोलीचं दार-खिडकी बंद करा, न्हाणीघराचा पंखा बाहेर हवा फेकत चालू ठेवा आणि न्हाणीघराचं दार उघडं. मग उदबत्ती पेटवून सगळीकडे हळूहळू फिरवा. धूर जिथे आत ढकलला जातो, तिथे फट. सापडेल तिथे खडूने खूण करा.

कौलारू (राजापूर)

बर्फखानाकाकांचं शास्त्र मला मान्य आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. जुनी घरं आम्हीच सांभाळतो, म्हणून कळकळीने लिहिते.

ताई, ही खोली जेवढी बंद कराल तेवढी करा, पण तिच्यापायी मूळ घराला हात लावू नका. कौलारू घर फटींवरच जगतं. कौलांच्या मधून वारा खेळतो, माळ्यावरची गरम हवा वर निघून जाते, आणि पावसाळ्यात भिजलेला चिरा त्याच वाऱ्याने सुकतो. जाहिराती बघून कोणी पडवीच्या कौलांखाली फोम मारून घेतला, तर आतले वासे दोन पावसांत वाळवीच्या हवाली होतील. सीमा आखायचीच तर ती पडवी आणि नव्या खोलीच्या मधल्या दारावर आखा.

दुसरं पश्चिमेच्या भिंतीचं. त्या भिंतीला आतून काहीही लावू नका. सध्या सगळीकडे पीव्हीसीच्या पट्ट्या नाहीतर प्लास्टिकचा वॉलपेपर लावायचं खूळ आहे. चिरा सच्छिद्र दगड, नैर्ऋत्येच्या झडीने बाहेरून चिंब होतो. ती ओल आत सरकते आणि प्लास्टिकच्या मागे अडकते. तुमच्या कपाटामागची बुरशी त्याच जातीची आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आतून ऑइल पेंट दिला असेल तर तो खरवडून चुना द्या. बाहेरून दर्जे तपासून घ्या, भुसभुशीत झालेले उकरून पुन्हा भरा.

आणि त्या भिंतीवर ऊन पडूच देऊ नका. दुपारी तीन ते सहा ती तापते आणि रात्री दहापर्यंत आत धग सोडत राहते. भिंतीपासून हातभर अंतर सोडून बांबूचा सांगाडा, त्यावर उन्हाळ्यात झापं. पावसाळ्यात तीच झापं झडीचं पाणीही अडवतील. खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चिकाची (बांबूच्या काड्यांची) चटई कधीही चांगली, कारण काचेतून आत आलेलं ऊन मग आतच राहतं.

परसदार (गुहागर)

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी उदबत्ती फिरवली. मुलगा खडू घेऊन मागे होता. सापडलं ते लिहिते.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला पाणी जायला भोकं आहेत, तिथून धूर सरळ आत. एसीची नळी जिथून बाहेर गेली आहे त्या भोकात ठेकेदाराच्या माणसाने वर्तमानपत्र कोंबून वरून पुट्टी मारली होती. पुट्टी निघाली आहे, कागद काळा पडलाय. दाराखाली बोटभर फट. पण सगळ्यात जास्त धूर हलला तो विजेच्या बोर्डापाशी, स्विचच्या कडेने! मी तर हात लावून बघितला, वारा लागत होता. आणि जिथे नवी भिंत जुन्या पडवीच्या भिंतीला टेकते, तिथे वरपासून खालपर्यंत केसाएवढी भेग गेली आहे. तिथेही धूर आत येतो.

फॉल्स सीलिंगचा एक चौकोन उचलून टॉर्च मारला तर पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीतून बाहेरचा उजेड दिसतो. आणि उंदरांच्या लेंड्या, नारळाच्या काथ्याचं घरटं. तर आता दोन प्रश्न. ती भेग सिमेंटने भरू का? आणि काका म्हणतात तशी पोकळी मोकळी ठेवली तर उंदीर थर्माकोल कुरतडणार नाहीत का?

बर्फखाना (रत्नागिरी)

फार चांगलं काम केलंत. बोर्डाचा वारा कुठून येतो सांगतो. वायरींचा पाइप भिंतीतून वर जाऊन फॉल्स सीलिंगच्या वर उघडा सोडलेला असतो. तिथली गरम दमट हवा पाइपातून उतरून बोर्डातून खोलीत येते. मेन स्विच बंद करून, पाइपाचं वरचं तोंड सिलिकॉनने भरून घ्या. वायरमनलाच सांगा, स्वतः करू नका. बोर्डात ओलसर हवा खेळत राहिली तर स्विचचे पितळी भाग हिरवे पडतात, तोही त्रास वाचेल.

भेग सिमेंटने भरू नका. जुनं जोतं केव्हाच बसलं आहे, नवं अजून बसतंय. दर पावसाळ्यात दोन्ही थोडं वेगवेगळं हलणार, आणि सिमेंट पुन्हा तडकणार. भेग चांगली बोटाएवढी उकरा, धूळ ब्रशने काढा, आत फोमची गोल दोरी दाबून बसवा आणि वर ताणला जाणारा पीयू सीलंट भरा. बाहेरच्या अंगालाही तसंच, नाहीतर झड तिथून आत येईल.

खिडकीची भोकं बुजवू नका! ती पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात, बुजवलीत तर पट्टी भरून पाणी आत सांडेल. त्या भोकांना बाहेरून उघडझाप होणारी छोटी प्लास्टिकची झाकणं मिळतात, ती लावा. सरकत्या झडपांच्या कडेची केसाळ पट्टी झिजली असेल तर बदला, ती मीटरवर मिळते. सरकती खिडकी कधी पूर्ण बंद होत नसते. पुढे केव्हा बदलायची वेळ आली तर बिजागरीची, रबर असलेली घ्या. नळीच्या भोकातला कागद काढून पीयू फोम भरा, बाहेरून उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो, म्हणून वर सीलंटचा हात द्या. दाराखाली रबराची पट्टी.

उंदरांचं म्हणाल तर कुरतडतात, नक्की कुरतडतात. म्हणून वळचणीला जी जाळी लावाल ती प्लास्टिकची नको, स्टेनलेसची, करंगळीचं टोक शिरणार नाही एवढ्या भोकांची. जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची जाळी समुद्रकाठी तीन-चार पावसांत गंजून जाते. पत्र्याच्या पन्हळींच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्याही मिळतात, पण तुम्हाला तिथून हवा हवी आहे, म्हणून जाळीच. माडाची किंवा आंब्याची फांदी छताला टेकत असेल तर आधी ती उतरवा, उंदीर आणि उदमांजर तिथूनच येतात.

कौलारूताईंचं पश्चिमेच्या भिंतीबद्दलचं म्हणणं तंतोतंत पाळा. मूळ घर बंद करू नका हेही. मला त्यात भर घालायची आहे ती एवढीच: एसी २२ वर ठेवू नका. २६ ठेवा आणि छताचा पंखा हळू चालवा. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ च्या आसपास असताना खोलीतल्या वस्तू २२ ला नेल्या, तर कुठून ना कुठून पाणी सुटणारच. शिवाय एका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच सांगतं. नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वर येतो, तोही त्यांचाच २०२० पासूनचा नियम.

परिचारिका_चिपळूण

मी घरी जाऊन रुग्णांची सेवा करते. हा धागा वाचून काळजी वाटली म्हणून लिहितेय. ताई, त्या जोडलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे का?

असेल तर फटी बुजवायच्या आधी तो बाहेर काढा. गॅस गिझर खोलीतलीच हवा वापरतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. आतापर्यंत फटींतून हवा येत होती म्हणून निभावलं असेल. खोली हवाबंद केल्यावर तोच गिझर जिवावर बेतेल. अर्धांगवायूच्या रुग्णाला तर डोकं दुखतंय, मळमळतंय हेसुद्धा धड सांगता येत नाही. गिझर बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर लावा आणि फक्त पाण्याची नळी आत आणा, किंवा विजेचा घ्या.

मच्छर कॉइलही बंद. बंद खोलीत रात्रभर कॉइलचा धूर म्हणजे फुप्फुसांना त्रासच, आणि झोपून असलेल्या माणसाला छातीत कफ लवकर होतो. मच्छरदाणी लावा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा फिरवतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ, आजोबांची पाठ पुसताना, कपडे बदलताना, दार-खिडकी उघडून दहा-पंधरा मिनिटं हवा बदलू द्या. तेवढी ओल एसी नंतर काढेल. न्हाणीघराचा पंखा मात्र आंघोळीपुरताच. तो दिवसभर चालू राहिला तर जेवढी हवा बाहेर टाकेल तेवढीच दमट हवा कुठून तरी आत ओढेल.

परसदार (गुहागर)

गॅसचाच गिझर आहे. वाचल्यावर लगेच बंद केला, परवा प्लंबर येऊन मागच्या भिंतीला बाहेरून लावतोय, वर पत्र्याचा छोटा आडोसा करून. ताई, तुमचे उपकार विसरणार नाही. कॉइलही काढली.

ठेकेदाराला काकांचं सगळं वाचून दाखवलं. पाइपांच्या खालून सलग, दोन थर, उतारात, हे त्याने मान्य केलं. पण तो म्हणतो थर्माकोल सगळं सारखंच, शहरातून टेम्पो भरून स्वस्तात आणतो. मला भीती आहे की सजावटीचं, मखराचं थर्माकोल आणून लावेल. दुकानात ओळखायचं कसं? आणि साधारण किती लागेल?

बर्फखाना (रत्नागिरी)

वजनावर घ्यायचं, जाडीवर नाही. घनमीटरला २० किलोच्या खालचं घेऊ नका. दुकानात पान साधारण एक मीटर बाय अर्धा मीटर येतं. २५ मिलिमीटर जाडीचं असं एक पान वाण्याच्या काट्यावर टाका, पाव किलो भरलं पाहिजे. दीडशे ग्रॅम भरलं तर ते मखराचं. काठावर अंगठा दाबा. मण्यांसारखे दाणे सुटायला लागले तर परत करा.

‘एफआर’ म्हणजे आग लवकर न धरणारं मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. खात्री करायची तर बोटभर तुकडा दुकानाबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून काडीने पेटवून बघा. काडी दूर नेली की एफआर तुकडा विझतो, साधा जळत राहतो आणि ठिबकतो.

उतार धरून तुमचं छत बारा चौरस मीटरच्या आसपास येईल. एका थराला चोवीस पानं, दोन थरांना अठ्ठेचाळीस, कापाकापीला चार-पाच जास्त. पैशाची सवड असेल तर थर्माकोलऐवजी एक्सपीएसचे (त्याच जातीच्या, पण दाणे नसलेल्या सलग घट्ट फोमचे) बोर्ड घ्या, ते ओल जवळजवळ धरतच नाहीत आणि तेवढ्याच जाडीत थोडं जास्त अडवतात. स्प्रेचा फोम पत्र्याच्या पाठीवर मारून देतो म्हणणारा कोणी आला तर नको म्हणा. समुद्रकाठचा पत्रा कुठे गंजतोय ते फोममागे दिसत नाही, आणि बदलायची वेळ आली की फोमसकट टाकावा लागतो.

स्क्रू स्टेनलेसचे, रुंद प्लास्टिकच्या वॉशरसह, आणि फॉइलमधून गेलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर चिकटपट्टीचा तुकडा. माणसं हे टाळतात, तुम्ही उभं राहून करून घ्या. जिप्सम चढवायच्या आधी एकदा दिवसा खोलीत अंधार करून वर बघा, उजेडाचा ठिपका दिसेल तिथे सिलिकॉन. आणि मग पुन्हा उदबत्ती फिरवा, जिप्सम चढल्यावर फट शोधता येणार नाही.